लेखकांच्या यादीतलं तिसरं नाव : मानसशास्त्र विभागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१९ साली महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात घडलं. ओळख पटू नये म्हणून गावं, नावं आणि चाचणीचं शीर्षक गाळलं आहे. जिच्याबाबत हे घडलं त्या संशोधक प्राध्यापिकेला मी 'मॅडम' म्हणते, त्यांच्या गाईडना 'सर'. मॅडमनी मजकूर वाचून होकार दिला आहे. मी त्याच विभागात शिकवत होते आणि विभागाच्या संशोधन समितीवर होते. त्यामुळे जे लिहिते आहे ते आतून पाहिलेलं आहे, आणि त्यातली एक मोठी चूक माझी आहे.

मॅडम तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवत. नोकरी आणि घर सांभाळून त्या पीएच.डी. करत होत्या. विषय होता दहावीच्या मुलामुलींची परीक्षेची भीती. ती मोजणारी एक इंग्रजी चाचणी मराठीत आणायची आणि ग्रामीण भागातल्या शाळांत ती खरी उतरते का ते तपासायचं.

बाहेरच्या माणसाला हे भाषांतर वाटतं. प्रत्यक्षात हा लांबचा पल्ला असतो. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मूळ चाचणी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, फरक पडला तिथे बसून वाद घालायचा. मग मुलांसमोर एकेक विधान वाचून "यातून तुला काय कळलं?" असं विचारायचं, छोट्या गटावर चाचणी घेऊन पाहायची, आणि हे सगळं झाल्यावर विश्वसनीयता (पुन्हा घेतली तरी चाचणी तेच दाखवते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचं तेच ती मोजते का).

एक उदाहरण देते, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं. मूळ चाचणीत पोटात फुलपाखरं उडण्याबद्दल, म्हणजे इंग्रजीत धास्ती वाटण्याबद्दल, एक विधान होतं. शब्दशः भाषांतर अर्थातच बाद झालं. त्या जागी "परीक्षेच्या दिवशी माझ्या पोटात दुखतं" असं विधान आलं. पहिल्या छोट्या चाचणीत मुलींच्या उत्तरांत ते विचित्र वागायला लागलं. बाकी विधानांवर निर्धास्त दिसणाऱ्या मुलीही इथे 'नेहमी'वर खूण करत होत्या. आकडेवारी पाहणाऱ्या सहकाऱ्याने सुचवलं, विधान काढून टाका. मॅडमसोबत एम.ए.च्या दोन विद्यार्थिनी शाळांत जात. त्यांतली एक त्याच मुलींकडे परत गेली आणि मधल्या सुट्टीत हातपंपाजवळच्या कट्ट्यावर त्यांच्यात बसली. दोन दिवसांनी तिने मॅडमना सांगितलं, "मॅडम, त्यांना वाटलं आपण पाळीचं विचारतोय." मग तिनेच वाक्य सुचवलं : "पेपर हातात पडण्याआधी माझ्या पोटात गोळा येतो." पुढच्या फेरीत हे विधान मुलगे आणि मुली दोघांकडेही नीट चाललं. एखादं विधान मुलींसाठी वेगळं वागतंय हे संगणकाने दाखवलं होतं. ते का, हे कट्ट्यावर कळलं.

अडचण

प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट त्या वेळी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या पीएच.डी. नियमांत ती होती आणि २०२२च्या नियमांत गेली. मॅडमनी निबंधाचा मसुदा लिहून सरांकडे दिला. दोन महिन्यांनी एका नियतकालिकाकडून त्यांना आपोआप येणारं पत्र आलं : आपण या निबंधाच्या सहलेखक आहात, दुव्यावर जाऊन खात्री करा. लेखकांच्या यादीत पहिलं नाव सरांचं होतं, दुसरं घटक विश्लेषण (कोणती विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात हे पाहणारी आकडेमोड) करून देणाऱ्या सहकारी प्राध्यापकांचं, तिसरं मॅडमचं. मसुद्यातलं एकही वाक्य बदललेलं नव्हतं. त्यांनी केलेली एक टंकलेखनाची चूकसुद्धा तशीच होती.

विभागात कुजबुज झाली तेव्हा बहुतेकांनी त्यांना एकच सांगितलं : "तुमचं काम होतंय ना?" अट निबंध प्रसिद्ध होण्याची होती, पहिल्या नावाची नव्हती, त्यामुळे तिसऱ्या नावावरही प्रबंध सादर झाला असता. म्हणूनच असा अन्याय बोलून दाखवणं अवघड असतं. तातडीचं काहीच अडत नाही.

पुढे मात्र अडतं. २०१८च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला संशोधन गुणांकात, म्हणजे निवड-बढतीसाठी धरल्या जाणाऱ्या गुणांत, १० गुण आहेत. लेखक दोन असतील तर दोघांनाही ७०% मिळतात. दोनापेक्षा जास्त झाले की पहिल्या किंवा करस्पॉन्डिंग (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७०% आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०%. म्हणजे सर आणि मॅडम असे दोघेच असते तर मॅडमना ७ गुण होते. तिसरं नाव घालून त्यांना शेवटी ठेवलं की ३ उरले. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर निवड समितीसमोर दोन फाइली येतात, एक जाड आणि एक पातळ, आणि समिती म्हणते, आम्ही फक्त गुण पाहतो.

ही एका विभागाची गोष्ट नाही. अमेरिकेत मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्यांत ७०%हून जास्त स्त्रिया आहेत. तरीही २००३ ते २०१८ या काळातल्या मानसशास्त्राच्या सव्वाशे नावाजलेल्या नियतकालिकांतले दोन लाखांवर निबंध तपासणारा अभ्यास २०२० साली आला, तेव्हा स्त्रियांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच निघाला, आणि जास्त प्रतिष्ठेच्या नियतकालिकांत तो आणखी कमी. २०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या दुसऱ्या एका पाहणीने त्याच्याही मागे जाऊन पाहिलं : एकाच संशोधन गटात काम करणाऱ्यांपैकी निबंधावर नाव कुणाचं येतं? स्त्रियांचं नाव येण्याची शक्यता पुरुषांपेक्षा सुमारे १३% कमी होती. लेखकांची मोजणी सुरू होते त्याच्या आधीच नावं गळलेली असतात.

आमच्या विभागात एम.ए.च्या वर्गात मुलगे बोटावर मोजण्याइतके असत. विभागाच्या प्रकाशनांची यादी काढली तर पहिल्या नावांत उलटं चित्र होतं. ते चटकन कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं, कारण आमच्या विषयात संदर्भ अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) पद्धतीने लिहितात : आडनाव आणि आद्याक्षरं. 'पाटील, एस. व्ही.' म्हणजे सुनील की सुनीता, हे यादीवरून कळत नाही.

समोरचे पर्याय

मॅडमपुढे चार वाटा होत्या. पहिली, दुव्यावर 'हो' म्हणून विषय संपवायचा. दुसरी, 'नाही' म्हणायचं. तसं केलं तर निबंध अडकणार, प्रबंध लांबणार, आणि ज्यांच्या सहीशिवाय पुढचं पाऊल पडत नाही त्या गाईडशी वैर. तिसरी, संपादकांकडे थेट तक्रार. मात्र प्रकाशन नीतीचं मार्गदर्शन करणाऱ्या 'कोप' या संस्थेची भूमिका अशी आहे की लेखकांमधला वाद संपादकाने सोडवायचा नसतो, तो लेखकांनी किंवा त्यांच्या संस्थेने मिटवायचा. म्हणजे फिरून प्रकरण आमच्याच दारात येणार होतं. चौथी वाट म्हणजे विभागाच्या संशोधन समितीकडे लेखी अर्ज.

पाचवी वाट एका हितचिंतकाने सुचवली : हा निबंध जाऊ द्या, त्याच माहितीवर दुसरीकडे स्वतःच्या नावाने छापा. हे सपशेल चुकीचं होतं. एकच काम दोनदा छापल्याचा ठपका मॅडमवरच आला असता.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी म्हणाले, "थोडं थांबा, सरांचा कल बघून बोलू." मला वाटलं मी त्यांना सांभाळून घेते आहे. त्या थांबल्या. दुव्यावर त्यांनी 'हो'ही केलं नाही आणि 'नाही'ही. तीन आठवडे गेले, तेवढ्यात निबंध परीक्षकांकडे गेला. आता लेखकांच्या क्रमात बदल करायचा तर तिघांच्या सह्यांचं कारणासहित पत्र लागणार होतं. पहिल्या आठवड्यात एका मेलने झालं असतं.

काय केलं

शेवटी अर्ज समितीपुढे आला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "घरातलं आहे, घरातच मिटवा." विभागप्रमुखांनी मात्र तो लेखी दाखल करून घेतला. मला आजही त्यांचं कौतुक वाटतं, कारण कागदावर आल्यावर विषय स्वभावांवरून हलून कामावर आला.

मी सुचवलं की आधी कोणी कोणाला काय म्हटलं ते बाजूला ठेवू आणि कोणी काय केलं ते लिहून काढू. संशोधनातल्या सहभागाची 'क्रेडिट' नावाची एक सर्वमान्य यादी आहे. तिच्यात १४ प्रकारची कामं आहेत : संकल्पना, पद्धत, माहिती गोळा करणं, विश्लेषण, मूळ मसुदा, मार्गदर्शन वगैरे. तीन कोऱ्या कागदांवर ही यादी छापली. तिघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांचं न पाहता, प्रत्येक कामापुढे नाव लिहायचं.

सहकारी प्राध्यापकांनी पाच मिनिटांत कागद परत दिला. 'विश्लेषण' सोडून सगळ्या रकान्यांत रेघ होती. "मी दोन दिवस बसून घटक विश्लेषण करून दिलं. माझं नाव आहे हे मलाही त्या पत्रावरूनच कळलं," ते म्हणाले. सरांनी संकल्पना आणि मार्गदर्शनापुढे स्वतःचं नाव लिहिलं होतं, मूळ मसुद्यापुढे 'संयुक्त'. मॅडमनी मसुद्याच्या मेलची प्रत जोडली होती.

मी सरांना खलनायक करणार नाही. विषय त्यांनी सुचवला होता. शाळांच्या परवानग्या मिळेनात तेव्हा ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जाऊन बसले होते. त्यांच्या स्वतःच्या प्रबंधातल्या निबंधांवर त्यांच्या गाईडचं नाव पहिलं होतं, त्यावर त्यांनी कधी प्रश्न विचारला नव्हता. "मी पण असंच केलं आहे," असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजात मग्रुरी नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं. विभागप्रमुखांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतिसंहितेतलं ८.१२ कलम वाचून दाखवलं. हीच संहिता आम्ही एम.ए.ला शिकवतो. केवळ पदामुळे लेखकपण मिळत नाही. आणि निबंध मुख्यतः विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारलेला असेल, तर अपवादात्मक परिस्थिती सोडून पहिलं नाव विद्यार्थ्याचं. सरांनी कलम स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचलं.

खरा पेच त्यानंतर आला. 'माहिती गोळा करणं' या रकान्यात सरांनी लिहिलं होतं : 'विद्यार्थिनी'. मॅडमच्या कागदावर होतं : 'मी, विद्यार्थिनींची मदत'. दोन्ही कागदांवर नावं नव्हती. मी विचारलं, या विद्यार्थिनी कोण? मॅडम थांबल्या. मसुद्याच्या ऋणनिर्देशात त्यांची नावं होती, महाविद्यालयाच्या शिपायांच्या आणि शाळांच्या मुख्याध्यापकांच्या ओळीत. गोळ्याचं वाक्य, त्यामागचं कारण शोधणं, चाळीसेक मुलींशी एकेकटीने बोलणं, हे सगळं 'मदत' या एका शब्दात गेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "माझ्या डोक्यातच आलं नाही." सरांचंही नेमकं असंच झालं होतं.

मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो. शाळेत जाणं, पोरींना बोलतं करणं, शब्द शोधणं ही कामं आमच्या विभागात मुलींच्या वाट्याला येत, कारण 'त्यांना ते जमतं'. संगणकावरचं विश्लेषण संशोधन समजलं जाई आणि कट्ट्यावरचं संभाषण मदत. कोणतं काम लेखकपणाच्या तोडीचं, हे ठरवतानाच पारडं झुकलेलं होतं, आणि ते झुकवणाऱ्यांत बायकाही होत्या.

वर्गात आम्ही पेअर्ड असोसिएट लर्निंगचा प्रयोग घेतो. दोन-दोन शब्दांच्या जोड्या, एक दाखवला की दुसरा आठवायचा. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये प्रत्येक विद्यार्थी तो लिहितो. ही पद्धत काढली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स यांनी. हार्वर्डमध्ये त्यांनी पीएच.डी.चं सगळं काम पूर्ण केलं, १८९५ साली परीक्षा दिली, परीक्षकांनी शिफारस केली, आणि बाई आहेत म्हणून विद्यापीठाने पदवी नाकारली. १९०२ साली रॅडक्लिफची, म्हणजे हार्वर्डशी जोडलेल्या स्त्रियांच्या महाविद्यालयाची, पदवी देऊ केली तेव्हा त्यांनी ती घेतली नाही, आणि १९०५ साली त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. बैठकीनंतर मी माझी वर्षानुवर्षांची टिपणं काढून पाहिली. पद्धत होती. नाव मी एकदाही फळ्यावर लिहिलं नव्हतं.

निष्पत्ती

क्रम बदलला. मॅडम पहिल्या, सर करस्पॉन्डिंग लेखक. आमच्या विद्यापीठात करस्पॉन्डिंग लेखकालाही ७०% धरत, त्यामुळे सरांचं गुणांकात काही गेलं नाही. खरं सांगायचं तर त्यामुळेच तडजोड लवकर झाली. सहकारी प्राध्यापकांचं नाव राहिलं, पण त्यांनी आता मसुदा वाचून विश्लेषणाचा भाग स्वतः नीट केला. गोळ्याचं वाक्य सुचवणारी आणि तिची मैत्रीण, दोघींनाही लेखक म्हणून येण्याबद्दल विचारायचं ठरलं. नुसतं नाव चिकटवायचं नव्हतं. त्यांनी मसुदा वाचावा, आपल्या भागात भर घालावी आणि अंतिम प्रतीला मान्यता द्यावी, अशी अट होती.

मैत्रीण पुण्यात समुपदेशनाची नोकरी करत होती. तिने दोन रविवार बसून मुलाखतींच्या पद्धतीवर दीड पान लिहिलं, आणि परीक्षकाने नेमकं त्याच भागाचं कौतुक केलं. जिने वाक्य सुचवलं होतं तिचा पत्ता लागला नाही. एम.ए. झाल्यावर तिचं लग्न झालं होतं, फोन नंबर बदलला होता, मेल परत येत होते. संपादकांनी सुधारित प्रतीसाठी दिलेली मुदत सरली. मान्यतेशिवाय लेखक म्हणून नाव घालता येत नव्हतं. ऋणनिर्देशात मात्र तिचं पूर्ण नाव आणि 'विधानांच्या भाषिक पुनर्रचनेसाठी' असं स्पष्ट कारण गेलं.

मॅडमचा प्रबंध सहा महिने उशिरा सादर झाला. सर आणि त्या आजही एकमेकांशी नीट बोलतात. पूर्वीची मोकळीक मात्र राहिली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी थांबायला सांगायला नको होतं, हे पहिलं. त्या दुव्यावर लगेच 'क्रम मान्य नाही, चर्चा चालू आहे' एवढं कळवलं असतं तर निबंध परीक्षकांकडे जाण्याआधीच थांबला असता.

नावांच्या क्रमाचं बोलणं निबंध लिहून झाल्यावर निघालं, तिथेच बिघडलं. आता आमच्याकडे संशोधन आराखडा आरआरसीपुढे (पीएच.डी.च्या विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे) जातो त्याच वेळी एक पान जोडतात : यातून किती निबंध निघतील, कोणत्या निबंधात कुणाचं काय काम, पहिलं नाव कुणाचं. पुढे काम बदललं तर पान बदलतं. सुरुवातीला नवे गाईड कुरकुरतात. "आधीच हिशेब कसला?" असं एकाने विचारलं. पण विद्यार्थिनीला स्वतःहून विषय काढावा लागत नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. जिचं काम गाईडच्या सहीवाचून अडू शकतं तिला तोंड उघडायला लावणारी व्यवस्था चालत नाही.

क्षेत्रकामाला जाणाऱ्या प्रत्येकाचं रोजचं टिपण तारीख आणि नाव घालून ठेवायला हवं होतं. ते असतं तर गोळ्याचं वाक्य कुणाचं, हे आम्हाला आठवणीवर शोधावं लागलं नसतं.

आणि नावाचं. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. मॅडमचे एम.फिल.च्या काळातले दोन निबंध माहेरच्या नावावर आहेत. ते त्यांच्या यादीत आपोआप कधीच आले नाहीत, कागद जोडून सिद्ध करावे लागले. ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा क्रमांक २०१२ पासून फुकट मिळतो. तो एम.ए.च्या पहिल्या वर्षीच काढून घेतो आम्ही आता. पंधरा मिनिटं लागतात.

साधारण दीड वर्षाने ती मुलगी सापडली, तिच्या मावसबहिणीमार्फत. मॅडमनी फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मॅडम, पण माझं आता ते नावच नाही." सासरी पहिलं नावही बदललं होतं. निबंधात छापलेलं नाव आणि तिच्या आजच्या आधार कार्डावरचं नाव यांत एकही शब्द सारखा नव्हता. आम्ही तिला ऑर्किड काढून दिलं, त्यात जुनं नावही नोंदवलं. पण लेखक म्हणून तिच्या खात्यावर जोडायला आमच्याकडे काही नव्हतं.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "गोळ्याचं वाक्य ठेवलं का हो शेवटी?" मॅडमनी त्याच रात्री तिला छापलेल्या चाचणीच्या पानाचा फोटो पाठवला.